शिवसागरावरची लाँच कोणाची?

सह्याद्रीच्या धारेला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणाऱ्या नद्या आपल्याकडे थोड्या. कोयना त्यांतली एक. महाबळेश्वरला उगम पावल्यावर ती हेळवाकपर्यंत डोंगररांगेच्या कडेकडेने दक्षिणेला जाते, तिथे एकदम पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. धरण या वळणाशीच बांधले गेले. त्यामुळे मागचे पाणी तलावासारखे गोल पसरले नाही. खोऱ्याचा आकार घेऊन ते सुमारे ५० किलोमीटर लांब, अरुंद, फाटे फुटत तापोळ्याकडे चढत गेले. हाच शिवसागर. त्याच्या पश्चिमेला पाणी आणि कोकणकडा यांच्यामध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी उरली आहे. वासोटा तिथे आहे, नागेश्वराची गुहा तिथे आहे, कोयना अभयारण्याचे दाट रानही तिथेच आहे. साताऱ्याच्या बाजूने तिकडे जाणारा माणूस बामणोलीच्या काठावर लाँचमध्येच बसतो.

जगात गेल्या काही दशकांत छोट्या जहाजांतून निर्जन किनारे पाहण्याचे पर्यटन वाढले आहे. अलास्काच्या खाड्या, कॅनडाचा पश्चिम किनारा, ऑस्ट्रेलियाचा किंबर्ली हा वायव्य कोपरा, अशा ठिकाणी शे-दीडशे प्रवाशांची, कधी त्याहून कमी माणसांची जहाजे जातात. रस्ता नसलेल्या जागी नांगर टाकतात आणि तिथल्या मूळ रहिवाशांची जुनी गावे, चित्रे, देवस्थाने दाखवतात. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना समुद्र नाही. पण त्याच जातीचा प्रवास इथे लाँचने होतो, आणि जागतिक महत्त्वाच्या रानातून होतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यांतली चार महाराष्ट्रातली आहेत: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. कोयना आणि चांदोली या दोन्ही जंगलांच्या मधोमध धरणाचे पाणी आहे. कोयनेचा शिवसागर साताऱ्याचा, वारणेचा वसंतसागर सांगलीच्या शिराळा तालुक्यातला.

या जलाशयांवरच्या पर्यटनाबद्दल आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक दोन प्रकारचे आहे. एक, मिनी काश्मीर म्हणून तापोळ्याची वर्णने. दुसरे, वासोट्याच्या ट्रेकची माहिती, परवानगी कुठे मिळते, जेवण कुठे सांगायचे, जळवा किती लागतात. दोन्हींचा उपयोग आहे. पण लाँच ज्या पाण्यावरून जाते त्या पाण्याखाली काय आहे, हा मजकूर त्यांत एखाद्या वाक्यापुरताच येतो. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कारण आता या पाण्यावर मोठ्या योजना येत आहेत आणि त्यांचा निवाडा या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

कोयनेचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडले. १९६२ पासून पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज वाहू लागली. पुढे टप्पे वाढत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅटवर गेली. धरणाची साठवण आज १०५ टीएमसी. हे आकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. शंभराच्या घरातली गावे या पाण्यासाठी उठली, हे मात्र पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते. सुपीक जमीन नदीकाठची होती. भात तिथेच पिकायचा, गावठाणे तिथे होती, आणि तीच आधी बुडाली. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात त्यानंतर, १९७६ साली आला. कोयनेच्या माणसांना उठताना असा कायदाच नव्हता. काही कुटुंबे सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या कोरड्या मुलखात गेली, काही ठाणे, रायगड, रत्नागिरीकडे. खूप जणांनी गाव सोडले नाही. ते डोंगर चढून वर सरकले आणि पाण्याच्या कडेला, जिथे नाचणी आणि वरीच पिकते अशा उतारावर त्याच नावाने पुन्हा गाव वसवले. आज काठावर दिसणारी अनेक गावे अशी वर आलेली आहेत. घरटी एक-दोन माणसे मुंबईला गेली. पाटण आणि जावळीचे तरुण मुंबईच्या बाजारांत माथाडी झाले. वीज आणि माणसे, दोन्ही घाटाखाली गेली.

त्यावर १९६७ चा भूकंप आला. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर आणि आसपासची गावे कोसळली, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होतात का, या प्रश्नावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी नंतर कोयनेचा अभ्यास केला आणि आजही करतात. काठावरच्या लोकांच्या दृष्टीने मात्र हा धरणाचा दुसरा घाव होता.

तिसरा घाव जंगलाच्या बाजूने आला, आणि तो सांगताना मला जपून बोलावे लागते, कारण ते जंगल वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. १९८५ साली कोयना आणि चांदोली ही दोन्ही अभयारण्ये जाहीर झाली. कोयनेचे क्षेत्र सुमारे ४२३ चौरस किलोमीटर. चांदोली सुमारे ३१७, आणि तिला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. ज्या माणसाचे भातखाचर १९६० च्या सुमारास बुडाले, त्याच्या मुलाला १९८५ नंतर कळले की वरच्या डोंगरावरचे त्याचे नवे शेत आता अभयारण्यात आहे. नातवाच्या काळात ते व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात किंवा त्याच्या काठावरच्या पट्ट्यात गेले. पाटण तालुक्यातली मळे, कोळणे आणि पाथरपुंज ही गावे अशीच वर्षानुवर्षे पुनर्वसनाच्या कागदांत अडकून राहिली. पाथरपुंज म्हणजे वारणेच्या उगमाकडचे गाव. अलीकडच्या काही पावसाळ्यांत महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या नोंदी तिथल्या आहेत. इतका पाऊस झेलणाऱ्या गावाचे पाणी खाली सांगलीपर्यंत जाते, हरिपूरच्या संगमेश्वराजवळ वारणा कृष्णेला मिळते.

आता लाँचबद्दल. ती मुळात पर्यटकासाठी नव्हतीच. खोऱ्याचे दोन काठ तुटल्यावर बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जायला काहीतरी हवे होते म्हणून ती आली. जिल्हा परिषदेच्या लाँच, वाहने पलीकडे नेणारा तराफा, गावकऱ्यांच्या स्वतःच्या बोटी, अशी ही वाहतूक उभी राहिली. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला तहसीलदारापुढे उभे राहायचे तर आधी पाणी ओलांडावे लागे. बाळंतीण, साप चावलेला, शेतात पडलेला, सगळे याच पाण्यावरून यायचे. पर्यटक आले ते नंतर. शनिवार-रविवारच्या पर्यटकांनी लाँचवाल्याला आठवडाभराचे डिझेल दिले हे खरे. बामणोली, तापोळा आणि आसपासच्या काठांवर लाँचवाल्यांनी आपापले क्लब केले, पाळी लावली, भाडे ठरवले. लाँच माणशी नव्हे तर अख्खी ठरवायची, दहा-बारा जणांनी वाटून घ्यायची, ही तिथली रीत आहे. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्याच हातात हा धंदा बऱ्याच अंशी राहिला, आणि इतक्या साध्या रीतीने राहिला की त्याचे मोल आपल्या लक्षातही आले नाही.

या प्रवासात जे दिसते ते ऋतूप्रमाणे बदलते. गणपतीच्या आसपास जलाशय भरलेला असतो, पाणी झाडांच्या बुंध्याला लागलेले असते. मार्चनंतर पातळी झपाट्याने उतरते, कारण वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला कोकणात उतरवले जाते, आणि पूर्वेला सोडलेल्या पाण्यावर सांगली जिल्ह्याला पाणी देणाऱ्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना अवलंबून असतात. पाणी हटले की तांबडा, भेगाळलेला गाळ उघडा पडतो. काठचे लोक त्यावर गाळपेर करतात. बुडालेल्या घरांची जोती, बांध, देवळांचे चौथरे वर येतात. लाँचवाला हात करून सांगतो की इथे आमची आळी होती, तिथे चावडी. हे ऐकायला मिळते तेव्हा ती सफर आपोआप वेगळी होते. पण ते ऐकायला मिळेलच असे नाही. ज्याला विचारले जाते तो सांगतो. न विचारणाऱ्यासाठी गाण्यांचा आवाज मोठा केलेला असतो.

वासोटा हे या प्रवासाचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण, आणि इथे वन विभागाची शिस्त चांगली आहे हे आवर्जून नोंदवतो. बामणोलीला परवानगी घ्यायची, लाँचने तास-दीड तास जायचे, मेट इंदवली या आता ओस पडलेल्या गावाच्या जागी उतरायचे, तिथे सोबतच्या प्लास्टिकची नोंद करायची, किल्ला चढायचा आणि संध्याकाळच्या आत परत पाण्यावर यायचे. मुक्काम नाही. पावसाळ्यात किल्ला बंद. चढताना जे रान लागते त्याला तोड नाही. अंजनी, जांभूळ, हिरडा, कारवीचे दाट पट्टे, वर शेकरूची धावपळ, खाली गव्याच्या खुरांच्या खुणा.

या किल्ल्याचा इतिहास मुख्यतः कैदेचा आणि वेढ्यांचा आहे. जावळी घेतल्यानंतर शिवरायांनी तो स्वराज्यात आणला आणि त्याचे नाव व्याघ्रगड ठेवले असे सांगतात. इतक्या आडबाजूचा गड कैदी ठेवायला सोयीचा होता. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला ताई तेलीण या बाईने बापू गोखल्यांच्या फौजेपुढे हा गड आठ महिने लढवला. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबातली माणसे इथे ठेवली होती. हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही इथेच कैदेत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जनरल प्रिट्झलरच्या तोफांनी समोरच्या जुन्या वासोट्यावरून मारा केला आणि गड पडला. ताई तेलिणीसाठी वासोट्यावर एक फलक असावा, नीट मजकुराचा, असे मला फार वाटते. आडरानातला गड आठ महिने झुंजवणारी बाई आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तळटीपेपुरती उरली आहे.

पण वारसा म्हणजे फक्त किल्ला, अशी जी सवय आपल्याला लागली आहे तिने या खोऱ्याचे नुकसान केले आहे. इथला जुना वारसा देवांचा आणि वाटांचा आहे. वाघजाई, भैरी, जोम या इथल्या देवता. त्यांच्याभोवती राखलेल्या देवराया हे या डोंगरातले सर्वांत जुने संरक्षित जंगल. नागेश्वरच्या गुहेत महाशिवरात्रीला माणसे दोन्ही बाजूंनी चढतात. साताऱ्याकडची पाणी ओलांडून येतात, कोकणातली चोरवण्यावरून कडा चढून येतात. चकदेवच्या डोंगरावर कोकणातून शिडीची वाट येते. पर्वत गावच्या देवळात जोमाची आणि मल्लिकार्जुनाची पूजा होते. घाटमाथा आणि कोकण यांच्यातली देवाणघेवाण या वाटांनी चालायची. मीठ आणि सुकी मासळी वर यायची, तूप आणि धान्य खाली जायचे. लोणी-तुपाचा व्यवहार गवळी धनगरांचा. सड्यांवर, कड्यांच्या कडेला वाडे करून गुरे राखणारा हा समाज चांदोली आणि कोयनेच्या जंगलाची खडान्‌खडा माहिती ठेवून होता. कोणत्या महिन्यात कुठले पाणी आटते, गवा कुठे उतरतो, कुठल्या झाडाचा पाला गुराला सोसतो, हे ज्ञान कागदावर नाही. जलाशयाच्या काठाला मासेमारीवर जगणारी कातकरी कुटुंबेही आहेत, आणि पर्यटनाच्या कोणत्याही आराखड्यात त्यांचा उल्लेख सर्वांत शेवटी येतो, आला तर.

हे सर्व आज कोणत्या वळणावर आहे? २०२४ च्या मार्चमध्ये जावळी तालुक्यातल्या मुनावळे इथे जलपर्यटन केंद्राचे उद्घाटन झाले. वेगवान बोटी, जेट स्की, पाण्यावरचे खेळ हे त्याचे स्वरूप. कोयना धरणाजवळचे पाणी शासकीय गुपिते कायद्याखाली प्रतिबंधित असे. ती मर्यादा या काळात सैल करून पर्यटनाला जास्त पाणी मोकळे करण्यात आले. तापोळा ते अहीर असा केबलवर तोललेला पूल, त्यावर प्रेक्षकांसाठी उंच गॅलरी, हेही काम निघाले. आणि या सगळ्यांच्या वर नवीन महाबळेश्वर हा प्रकल्प. सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली सुरुवातीला २३५ गावे राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली आणून नवे गिरिस्थान उभे करण्याचा.

पुलाला माझा विरोध नाही. साठ वर्षे पाण्याने तोडलेल्या माणसांना पूल मिळणे हा त्यांचा हक्क आहे. तो पर्यटकांच्या गॅलरीसोबत मिळतो आहे हे खटकते, पण मिळतो आहे. रात्री अडीच वाजता छातीत दुखणाऱ्या माणसाला लाँचवाल्याला उठवावे लागू नये, यापुढे बाकीचे मुद्दे लहान आहेत. जेट स्कीबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. या पाण्यावर तिला जागा नको. हे पाणी खाली कराडपासून सांगलीपर्यंतची माणसे पितात. अभयारण्य पाण्याच्या पलीकडच्या काठाला लागूनच आहे आणि पाण्यावरचा आवाज लांब जातो. शिवाय अशा खेळाचा धंदा भांडवलाचा असतो. एका जेट स्कीच्या किमतीत जो उतरू शकतो तो बाहेरचाच असणार. लाँचवाल्यांच्या पाळीत गावातला गरीबही बसतो. वेगाच्या खेळात त्याच्या वाट्याला लाइफ जॅकेट बांधून देण्याची नोकरी येते.

सुरक्षिततेचा प्रश्न लाँचलाही आहे, आणि तो टाळून चालणार नाही. २००९ च्या सप्टेंबरात केरळात थेक्कडीच्या जलाशयावर पर्यटकांची दुमजली बोट उलटून ४५ जण बुडाले. २०२३ च्या मेमध्ये तानूरला २२ जण. २०२४ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची मुले आणि शिक्षिका मिळून १४ जण, आणि त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या पाण्यावर वादळात बोट उलटून सहा जण. सांगलीकरांना तर २०१९ चा ऑगस्ट विसरता येत नाही. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला महापुरातून माणसे काढणारी बोटच उलटली. या घटनांत कारणे फिरून फिरून तीच दिसतात. क्षमतेपेक्षा जास्त माणसे, जॅकेट अंगात नाही तर बाकाखाली, एका बाजूला झुकलेला जमाव, वाऱ्याचा अंदाज नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नोंदणी, तपासणी आणि चालकाचे प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. काठावरच्या लाँचवाल्याला हे कागद करायला महिनाभर हेलपाटे घालावे लागू नयेत यासाठी तपासणी अधिकारी बामणोलीला आला पाहिजे. नियम कडक आणि कार्यालय दूर, अशा ठिकाणी नियम कागदावर राहतो. आणि एप्रिल-मेच्या दुपारी या खोऱ्यात वळवाचा वारा अचानक उठतो. त्या वेळी लाँच काठाला हवी, हे तिथला म्हातारा चालक कोणत्याही यंत्रापेक्षा आधी सांगतो. त्याचे ऐकण्याची पद्धत लेखी करावी.

इंजिनांबद्दलही आता पर्याय आहे. केरळात वैक्कम आणि तवणक्कडवु यांच्या दरम्यान २०१७ पासून आदित्य नावाची सौरऊर्जेवरची प्रवासी बोट चालते. ७५ माणसे नेते, आणि ती पर्यटकांची नव्हे तर रोजच्या प्रवाशांची आहे. देशाला वीज देणाऱ्या शिवसागरावर डिझेलचा तवंग का असावा? सरकारने पैसा घालायचा तर इथे घालावा, आणि नव्या बोटी लाँचवाल्यांच्या सहकारी संस्थेच्या नावावर कराव्यात.

बाहेरच्या जगातले एक उदाहरण मला या संदर्भात सर्वांत मोलाचे वाटते. कॅनडाच्या पश्चिमेला हैडा ग्वाय नावाचा द्वीपसमूह आहे. हैडा लोकांची तिथली गावे एकोणिसाव्या शतकात देवीच्या साथीने ओस पडली. लाकडी घरे आणि कोरीव खांब पावसात कुजत राहिले. स्गंग ग्वाय हे त्यातले एक गाव १९८१ मध्ये जागतिक वारसा ठरले. त्याच सुमारास हैडांनी स्वतः ठरवले की जुन्या गावांवर आपलीच माणसे राखणीला बसतील. उन्हाळ्यात त्या कुटुंबांची माणसे तिथे येऊन राहतात. छोट्या जहाजातून आलेला प्रवासी आधी वायरलेसवर त्यांची परवानगी घेतो. एका वेळी बारापेक्षा जास्त माणसे किनाऱ्यावर उतरत नाहीत. कुठे चालायचे, कुठे नाही, खांबावरची आकृती काय सांगते, हे त्या गावाच्या वंशजाकडून ऐकायला मिळते. १९८५ मध्ये लाकूडतोडीविरुद्ध हैडा म्हाताऱ्या-कोताऱ्यांसह रस्त्यावर बसले होते. १९९३ पासून त्या द्वीपसमूहाचा दक्षिण भाग कॅनडा सरकार आणि हैडा राष्ट्र यांचे मंडळ मिळून सांभाळते. किंबर्लीतही वुनांबल गांबेरा लोकांच्या किनाऱ्यावर उतरायचे तर त्यांचा परवाना घ्यावा लागतो, आणि त्याचे पैसे त्यांच्या संस्थेला मिळतात.

आपल्याकडे हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी बामणोलीच्या वाटेवरच थांबून पाहावे. कास पठारावर भोवतालच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या फुलांच्या हंगामात शुल्क घेतात, गावातली पोरे-पोरी राखण करतात, रोज तीन हजार माणसांची मर्यादा ठरली आहे. तिथे गर्दीच्या, कुंपणाच्या, वाहनतळाच्या तक्रारी आहेत आणि त्यांतल्या काही रास्त आहेत. तरी फुलावर पाय ठेवणाऱ्याला हटकणारा माणूस गावचा आहे, आणि त्याला पगार त्या फुलांतून मिळतो. थेक्कडीलाही, जिथे १८९५ च्या मुल्लपेरियार धरणाच्या पाण्याभोवती व्याघ्र प्रकल्प आहे, पूर्वी रानातली झाडे सोलून साल विकणारी माणसे आज पर्यटकांना बांबूच्या तराफ्यावरून नेतात आणि जंगल राखतात.

शिवसागरावर याचा अर्थ काय होईल? बुडालेल्या प्रत्येक गावाची नोंद, नकाशा, देवळे, वाटा, आळ्या, हे आत्ता, ते गाव पाहिलेली माणसे हयात असताना लिहून काढायला हवे. १९६० साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. ही नोंद काठावर राहिलेल्यांपुरती नको. सोलापूरला, रायगडला, सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांत गेलेल्यांकडेही जायला हवे. पाण्यावर फिरायचा पहिला परवाना धरणग्रस्तांच्या संस्थांचा असावा, आणि प्रत्येक फेरीच्या शुल्कातला वाटा थेट त्यांच्याकडे जावा. श्रमिक मुक्ती दलाच्या डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली कोयनेचे धरणग्रस्त २०१८ मध्ये कोयनानगरला दीर्घकाळ ठिय्या देऊन बसले होते. त्यांची मागणी जमिनीची होती, धरणाला अर्धशतक उलटून गेल्यावरही. ज्यांना जमीन मिळाली नाही त्यांच्या बुडालेल्या जमिनीवरच्या पाण्याचा परवाना दुसऱ्याला देणे मला अन्यायाचे वाटते. पर्यटनातला वाटा जमिनीच्या बदल्यात मात्र धरता कामा नये. जमीन द्यायचीच आहे.

सांगलीच्या बाजूला चित्र वेगळे आहे आणि म्हणून जास्त मोकळे आहे. चांदोलीत शिरायचे ते शिराळा तालुक्यातल्या मणदूरकडून, आणि फिरणे मुख्यतः वाहनाने, वन विभागाच्या ठरलेल्या रस्त्याने. झोळंबीचा सडा, जनीचा आंबा, आणि खाली लांबवर पसरलेला वसंतसागर. साठवण ३४ टीएमसीची. इथलीही गावे धरणाने आणि उद्यानाने मिळून उठवली आणि सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांत वसवली. त्यांची ग्रामदैवते अजून रानात आहेत. २०१८ च्या मेमध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात बऱ्याच वर्षांनी वाघ टिपला गेला, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक नर दिसला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातली वाघीण इथे आणून सोडण्याची सुरुवात झाली. चंद्रपूरच्या सपाट रानातली वाघीण या कड्यांत, या पावसात रुळायची आहे. तिला शांतता लागेल.

कोयनेच्या काठावर बोटींची गर्दी वाढली की वसंतसागरावरही बोटिंग सुरू करा ही मागणी जोर धरणार. शिराळ्याच्या तरुणांना रोजगार हवा आहे, ती मागणी त्यांच्या तोंडून आली तर ती चुकीची म्हणता येणार नाही. पण वसंतसागराचे आतले पाणी पर्यटकांसाठी बंदच ठेवावे असे माझे मत आहे, निदान वाघ स्थिरावेपर्यंत. तोवर वर्षातून ठरावीक दिवस, जत्रेच्या तिथीला, उठलेल्या गावांच्या माणसांना त्यांच्या देवाकडे जायला वन विभागाने स्वतःची बोट आणि वाहने द्यावीत, विनाशुल्क, अर्जाच्या लांबणीशिवाय. उद्यानातले वाटाडेही त्याच वसाहतींतून निवडावेत. वारणाकाठच्या वसाहतीत वाढलेल्या मुलीला झोळंबीच्या सड्यावर उभे राहून आजीच्या घराची दिशा सांगता आली, तर ती पर्यटकाला गवा आणि शेकरू यांच्यासोबत हेही सांगेल. तिच्या नेमणुकीसाठी नवा कायदा लागत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या कार्यालयातून वाटाड्यांच्या भरतीची जाहिरात निघते तेव्हा त्यात एक अट वाढवावी लागते.